समोवाराची तोंडी परीक्षा

कियानूश माझ्या विषयात तीनदा नापास झाला होता. चौथ्यांदा झाला असता तर विद्यापीठातून नाव कमी आणि तिथून थेट सक्तीच्या फौजेची बराक. आमच्याकडे पोरांना मरणाची वाटत नाही एवढी भीती बराकीची वाटते.

इराणच्या उत्तरेला, रश्तमधल्या एका लहान विद्यापीठात मी राज्यशास्त्राच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. व्याकरण आणि भाषांतर. ही मुलं पुढे परराष्ट्र खात्यात जातील, करारमदार वाचतील, असं विद्यापीठाला वाटतं. बहुतेक जण मामाच्या दुकानात बसतात. तरी परीक्षा घ्यावी लागते आणि मी ती कडक घेतो. वीसपैकी दहा मिळाले की पास. नियम एकच : जेवढं बोललं तेवढंच. भाषांतर करणाऱ्याने पदरचं घालायचं नाही आणि समोरच्याचं गाळायचं नाही.

कियानूशला हेच जमत नव्हतं. व्याकरणात तर तो कच्चा होताच. त्याच्या इंग्रजीत भूतकाळ नव्हता; एखादा शहा मरून कितीही वर्षं झालेली असोत, याच्या उत्तरपत्रिकेत तो राज्य करतच असायचा. पण खरा घोटाळा भाषांतरात. मागच्या परीक्षेत मी एक सोपं इंग्रजी वाक्य फारसीत करायला दिलं होतं : सरकारने प्रस्ताव फेटाळला. याने लिहिलं, 'सरकारने प्रस्तावाबद्दल मनापासून आभार मानले, प्रस्ताव लिहिणाऱ्यांचे हात कधी दुखू नयेत अशी इच्छा व्यक्त केली आणि तूर्तास आपली तेवढी लायकी नसल्याचं कळवलं.'

मी शून्य दिलं. तो माझ्या खोलीत आला.

"उस्ताद, शून्य?"

"फेटाळला म्हणजे फेटाळला."

"पण असं तोंडावर नाही कोण म्हणतं? माझी आजी कोळणीलासुद्धा असं म्हणत नाही."

"तुझी आजी सरकार नाही."

"आमच्या घरात तीच आहे, उस्ताद."

मी त्याला बाहेर काढलं. पूर्वी असं काही झालं की घरी जाऊन तूबाला सांगायचो. तूबा माझी बायको. मागच्या हिवाळ्यात ती गेली. निकालाच्या दिवसांत ती म्हणायची, "द्या हो अर्धा गुण, तुमच्या खिशातून जातो का?" तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण मी 'भूक नाही' म्हणालो की ती ताट वाढून आणायची, आणि 'आज कोणी येऊ नये' म्हणालो की बहिणीला फोन करून बोलवायची. माझ्या नियमाने तिला शून्यच मिळालं असतं.

तिचा एक समोवार होता, चहाचं पाणी उकळायचा तोटीवाला बंब. पितळी, रशियातल्या तूला गावचा. तिच्या आजीने अंझली बंदरावर घेतलेला, आईकडून तिच्याकडे आलेला. तोटी जरा गळायची म्हणून तूबाने तिला निळ्या कापडाची चिंधी बांधली होती. ती गेल्यावरही मी रोज सकाळी तो लावत होतो. एकट्याला एवढं पाणी लागत नाही, पण कमी पाण्यात तो नीट आवाज करत नाही. त्याचा आवाज सुरू झाला की घरात कोणीतरी उठलंय असं वाटायचं.

त्या वर्षी हॉलंडहून प्रोफेसर डेक्कर आले. उंच, लाल गालांचे, पाऊस असो नसो हातात छत्री धरून चालणारे. आयुष्यभर दुभाषे तयार करण्यात गेलेला माणूस. फारसीचा एक शब्द येत नव्हता. आमच्या विभागप्रमुखांनी, डॉक्टर आसायेशांनी, त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं होतं. गुणांवर माझी आणि त्यांची, दोघांची सही लागणार होती.

डेक्कर म्हणाले, "कागदावर व्याकरण तपासा, पण भाषांतर बसल्या बैठकीत तपासू. खरी माणसं, खरं बोलणं. प्रत्येक मुलाच्या दोन बैठका. एक तुमच्या लोकांकडे, एक माझ्याकडे. आणि परीक्षा चालू असेपर्यंत तुम्ही फक्त फारसीत बोलायचं. मुलाने चूक केली तरी मध्ये पडायचं नाही."

मला हे आवडलं. मी लगेच कबूल केलं. कियानूशची पहिली बैठक माझ्या घरी ठरली.

त्या दुपारी घर आवरायला मला मदत म्हणून फरंगीस आली. वर्गातली पहिली मुलगी, तिच्या दोन्ही बैठका आधीच होऊन अठरा गुण मिळाले होते. मी नको नको म्हणत असताना तिने माझ्या हातातला ट्रे घेतला, लाहिजानचा चहा घातला, बशीत फूमनची कुलूची, म्हणजे सारणाची गोड बिस्किटं, मांडली. कियानूश दाराशी उभा राहून घाम पुसत होता.

"लक्षात आहे ना?" मी म्हणालो.

"जेवढं बोललं तेवढंच, उस्ताद. आज मी दगड आहे. इकडचं तिकडे."

डेक्कर आणि आसायेश आले. मी दारात गेलो आणि आपण सगळे म्हणतो तसं म्हणालो, "या या, माझ्या डोळ्यांवर पाऊल ठेवा."

कियानूशने इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, तुम्ही त्यांच्या डोळ्यांवर पाय ठेवा."

डेक्करनी नुकतेच बूट काढले होते. त्यांनी आपल्या मोज्यांकडे पाहिलं, मग माझ्या चष्म्याकडे. "त्याची गरज आहे का?"

"ते विचारतात, गरज आहे का?" कियानूश मला म्हणाला.

"अरे, तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो मी!"

"ते म्हणतात, तुमच्यासाठी ते मरायला तयार आहेत."

"इतक्यात नको," डेक्कर म्हणाले, आणि जपून गालिच्यावर बसले.

फरंगीस स्वयंपाकघरात पळाली. आसायेशांना थोडं इंग्रजी येतं. त्यांनी खोकल्याचा बहाणा केला. मला राग येत होता, पण एक शब्द चुकला नव्हता. शिवाय व्याकरणही त्या दिवशी त्याच्या मानाने बरं होतं. वर्तमानकाळातच सगळं चाललं होतं, म्हणून असेल.

चहा झाला. डेक्करनी दोन पेले घेतले. मग ते उठून समोवाराजवळ गेले, वाकून त्याच्यावरची रशियन अक्षरं पाहिली, निळ्या चिंधीला बोट लावलं. म्हणाले, "इतकी सुंदर वस्तू मी इथे आल्यापासून पाहिली नाही."

कियानूशने ते मला फारसीत सांगितलं. आणि पाहुण्याने घरातली वस्तू वाखाणली की आमच्या तोंडून जे निघतं ते माझ्या तोंडून निघालं. त्यात मी काही ठरवलं नव्हतं. शिंक येते तसं ते येतं.

"आपलाच आहे तो. घेऊन जा."

कियानूशने माझ्याकडे पाहिलं. एरवी या पोराने सांगितलं असतं, 'ते म्हणतात, आभारी आहे.' आज नेमका तो माझा विद्यार्थी झाला.

"ते म्हणतात, हा तुमचा आहे. घेऊन जा."

डेक्कर सरळ झाले. त्यांचे गाल आणखी लाल झाले. "मला? खरंच? पण ही फार मोठी भेट आहे."

"म्हणतात, फार मोठी भेट आहे," कियानूश पुटपुटला. आता त्याचाही चेहरा उतरला होता.

मी सावरायला गेलो. पण सावरायला आमच्याकडे शब्दही तेच असतात. "छे, छे, तुमच्यापुढे हा म्हणजे काहीच नाही!"

"ते म्हणतात, हा म्हणजे काहीच नाही."

डेक्करनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "माझ्या बायकोला फार आनंद होईल," ते म्हणाले. हे कियानूशने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. आसायेशांनी टाळ्या वाजवल्या. समोवार थंड होईपर्यंत सगळे थांबले, मग आसायेशांच्या ड्रायव्हरने तो गाडीत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसवर किटलीत पाणी उकळलं. किटली एकदा शिट्टी मारते आणि गप्प बसते. चहा तसाच ठेवून मी विद्यापीठात गेलो. कियानूश खोलीबाहेर उभाच होता, फरंगीस त्याच्याबरोबर.

"आत ये, दगडा," मी म्हणालो.

"उस्ताद, मी तुमच्या पायाची धूळ..."

"धूळ असतास तर झाडून टाकला असता. काय केलंस हे?"

"तुम्ही सांगितलं ते केलं. एक शब्द घातला नाही, एक गाळला नाही. मला तर वाटलं, वीस मिळतील."

"वीस? नापास करतो तुला!"

"करा. पण मग लिहावं लागेल की भाषांतर चुकलं. भाषांतर चुकलं असेल तर तुम्ही समोवार दिलेलाच नाही. मग जाऊन परत मागा."

"आणि पास केलं तर?"

"मग दिलाय, उस्ताद. हॉलंडला लखलाभ असो."

फरंगीस म्हणाली, "गाढवा, उस्तादांशी असं बोलतात?" पण तिलाही त्यात खोट काढता आली नाही. मलाही नाही. तीन वर्षं मी त्याला तर्कशुद्ध लिही म्हणून ओरडत होतो, आणि त्याने त्याची सुरुवात नेमकी इथे केली.

आता मला इंग्रजी येत होतं. डेक्करकडे जाऊन सांगता आलं असतं की साहेब, ते नुसतं बोलायचं असतं. पण पाहुण्याच्या हातात दिलेली वस्तू मागायची? आणि ती द्यायचीच नव्हती असंही वर सांगायचं? तूबाच्या बहिणीने मला दोनदा फाडलं असतं. समोवार गेला म्हणून एकदा आणि परत मागितला म्हणून दुसऱ्यांदा.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. कियानूशचा आवाज खाली आला.

"तुमच्या खानूमचा होता ना तो?"

"हो."

"मला माहीत नव्हतं, उस्ताद. नाहीतर नियम गेला चुलीत..." तो थांबला. मग म्हणाला, "ते शुक्रवारी जाणार. माझी दुसरी बैठक गुरुवारी, त्यांच्या पाहुणेघरात. उस्ताद, त्या दिवशी मला माझ्या पद्धतीने करू द्याल?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही फक्त समोवाराचं कौतुक करायचं. ते देऊ करतील. मग म्हणायचं, 'तुमचे हात न दुखोत,' आणि उचलायचा. बस. नको नको करायचं नाही. जमेल?"

"मी काय लहान मूल आहे? पण ते देऊ का करतील?"

"ते माझ्याकडे," फरंगीस म्हणाली.

फरंगीसला डेक्करना बाजार दाखवायचं काम होतं. त्या दोन दिवसांत तिने त्यांना शिकवलं की इथे कोणी तुमची वस्तू वाखाणली तर 'आपलीच आहे, घेऊन जा' म्हणायलाच हवं, नाहीतर माणूस रानटी समजतात. अर्धंच शिकवलं. समोरचा घेत नसतो, हे अर्धं तिने स्वतःकडे ठेवलं. डेक्कर मनापासून शिकणारा माणूस. त्यांनी ते फारसीत पाठ केलं आणि मासळीबाजारात छत्री ऑलिव्हवाल्याला देऊ केली, मग कोळणीला, मग एका पोलिसाला. कोणी घेतली नाही. ते फरंगीसला म्हणाले, "तुमच्या गावातल्या लोकांना कशाचाच मोह नाही."

गुरुवारी आम्ही तिघं पाहुणेघरात गेलो. समोवार टेबलावर मधोमध. त्याच्याशेजारी डेक्करचा लोकरीचा स्वेटर घडी घालून ठेवलेला. प्रवासात तो त्याच्यातच गुंडाळला जाणार होता. निळी चिंधी तशीच होती. तोटीखाली पेला धरून डेक्करनी मला त्यातून काहीतरी काळं ओतून दिलं.

मी घोट घेतला. कॉफी होती. त्यांनी समोवारात कॉफी केली होती! पाण्याच्या जागी, पूड टाकून, आत. तूबाने हे पाहिलं असतं तर दोन्ही देशांचे संबंध तिथेच संपले असते.

"उस्ताद," कियानूश हलकेच म्हणाला, "गिळा. परीक्षा सुरू झालीय."

मी गिळलं. आसायेश कुलूचं खात शेजारी बसले होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. थोडं हवामानाचं बोलणं झालं, थोडं हॉलंडच्या संसदेचं. कियानूशने ते बऱ्यापैकी इकडून तिकडे केलं. मग त्याने मला पायाने ढोसलं.

मी म्हणालो, "हा समोवार इथे फार शोभतो. इतका सुंदर समोवार मी पाहिला नाही."

कियानूशने सांगितलं. डेक्करचा चेहरा क्षणभर पडला. त्यांना तो खरोखर आवडला होता. मग शाळेतला मुलगा उभा राहतो तसे ते उभे राहिले आणि फारसीत, मोठ्या आवाजात म्हणाले, "आपलाच आहे. घेऊन जा."

माझं काम एवढंच होतं. हात न दुखोत म्हणायचं आणि उचलायचा. मी तोंड उघडलं.

"छे, छे! हे काय बोलता!"

कियानूशने डोळे मिटले. मग डेक्करकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "ते म्हणतात, आभारी आहे."

मला कळत होतं काय होतंय ते. पण तोंड थांबेना. साठ वर्षांची सवय होती, दोन दिवसांच्या शिकवणीने जाते थोडीच. "नाही नाही, मुळीच नाही, तो तुमच्याच घरात शोभेल! तुमच्या खानूमसाठी न्या!"

"ते म्हणतात, त्यांना फार आनंद झालाय. तुमच्या खानूमना सलाम सांगतात."

आसायेशांच्या घशात कुलूचं अडकलं. फरंगीसने त्यांच्या पाठीत गुद्दे घातले, गरजेपेक्षा जरा जोरात, म्हणजे त्यांना बोलता येऊ नये.

"तुमच्या डोक्याची शपथ," मी तिसऱ्यांदा म्हणालो, आणि आता माझा आवाज बसत चालला होता, "मी तो घेणार नाही!"

"ते म्हणतात," कियानूश उठून उभा राहिला, "आम्ही तो आत्ताच नेतो." आणि त्याने समोवार उचलला. आत कॉफी होती, ती त्याच्या शर्टावर सांडली. तो हलला नाही. स्वेटर त्याने डेक्करना अदबीने परत दिला.

मी गप्प झालो. कारण समोवार दाराबाहेर गेला होता.

डेक्कर मला सोडायला पायरीपर्यंत आले. बैठक संपली होती, म्हणून आम्ही इंग्रजीत बोललो.

"मला तुमची भाषा येत नाही," ते म्हणाले. "पण चाळीस वर्षं दुभाष्यांच्या शेजारी बसलोय. तुमची मान नाही नाही म्हणून हलत होती आणि मुलगा आभार मानत होता."

मी बूट घालायला खाली वाकलो.

"तो तुमच्या बायकोचा होता का?"

"हो."

"मग पहिल्या दिवशीच सांगायचं."

"कसं सांगणार?" मी म्हणालो.

त्यांनी विचार केला. "नाही, खरंच," ते म्हणाले, "फारच अवघड आहे." मग त्यांनी गुणांच्या कागदावर सही केली आणि आकड्याची जागा कोरी ठेवली. "आमच्याकडे मी त्याला नापास केलं असतं," ते म्हणाले. "पण मला कुठे भांडण मिटवायला जायचं असेल तर मी त्यालाच नेईन. आकडा तुम्ही लिहा." जाताना त्यांनी मला छत्री देऊ केली. मी घेतली नाही. ते हसले, आणि मला कळलं की आता त्यांना दुसरं अर्धंही समजलंय.

घरी कियानूश आणि फरंगीस मोरीत बसून समोवार धूत होते. कॉफीचा वास जाईना. फरंगीसने व्हिनेगर मागितलं, कियानूशने राख मागितली, दोघं त्यावरून भांडली. निळी चिंधी मी स्वतः धुतली आणि परत बांधली. मग पाणी भरलं, गळ्यापर्यंत, आणि लावला.

तो आवाज करायला लागल्यावर मी टेबलाशी बसलो आणि कागद काढला. पहिल्या बैठकीत एकही चूक नव्हती आणि माझं घर रिकामं झालं होतं. दुसऱ्या बैठकीत एकही वाक्य बरोबर नव्हतं. व्याकरणाच्या पेपरात शहा अजून राज्य करत होता. मी पेन टेकवलं आणि दहा लिहिले.

"दहा," मी म्हणालो. "बराक टळली तुझी."

कियानूश उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो आमच्यातल्या कोणीही म्हणालं असतं ते म्हणाला.

"नको उस्ताद, कशाला! एवढी माझी लायकी नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग पेन परत उघडलं.

"असं म्हणतोस? ठीक आहे. जेवढं बोललं तेवढंच."

"उस्ताद!" तो टेबलावरून झेपावला. "ते बोलायचं असतं! नुसतं बोलायचं असतं!" फरंगीसने कागद ओढून पाठीमागे धरला, आणि दोघं माझ्यापासून तो वाचवत स्वयंपाकघरात पळाली. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी मोठ्याने.

आतून कियानूशने विचारलं, "उस्ताद, जेवलात का तुम्ही?"

"हो, जेवलोय. भूक नाही," मी म्हणालो.

मग आत कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि फरंगीस त्याला म्हणाली, "वांगी भाजायला घे. लसूण मी सोलते."